दीड वीत

हौसाक्का शिंगटे रोज सकाळी चहाच्याही आधी एक काम करायची. रानाच्या उत्तरेच्या बांधावर जाऊन उभी राहायची, पदर कमरेला खोचायची आणि पलीकडच्या गेनबा बोडऱ्याला शिव्या द्यायची. एकतीस वर्षं. मध्ये एकदा तिला टायफॉइड झाला तेव्हा तीन दिवस खंड पडला, चौथ्या दिवशी गेनबाच तिच्या ओट्याखाली येऊन "जिती हाय न्हवं?" असं विचारून गेला म्हणतात. खरंखोटं नीरा नदीला ठाऊक.

शिव्यांचं कारण साधं होतं. गेनबा बांध कोरायचा. त्याचा नांगर दुनियेत कुठंही सुतात चालायचा, पण हौसाक्काच्या बांधाजवळ आला की फाळाला काय बाधा व्हायची कोण जाणे, आपोआप वाकडा. बैल गेले, ट्रॅक्टर आला. पुढं उपग्रहावर नजर ठेवून चालणारा, माणसाशिवायचा ट्रॅक्टर आला. तोही गेनबाच्या हाताखाली महिनाभर राहिला आणि नेमका तेवढ्या बांधाशी वाकडा चालायला शिकला! बांध दरसाल दक्षिणेला सरकायचा.

"पावसानं सरकला," गेनबा म्हणायचा.

"दरसाल दीड वीत, एकाच अंगाला सरकवणारा पाऊस तुज्या बापानं पाळलाय काय रे?" हौसाक्का म्हणायची.

मोजणीचा अर्ज मात्र तिनं कधी केला नाही. सरकारनं दिलेला न्याय कागदावर राहतो, शिवी काळजात राहते, असं तिचं मत.

धामणवळण गावातलं हे अडीच एकर रान म्हणजे नदीनं शेकडो वर्षं आणून टाकलेली मळी. काळीभोर, हातात घेतली तर लोण्यासारखी. हौसाक्काच्या वडिलांचा, आबांचा, चष्मा एकदा पेरणीत हरवला, तर पुढच्या हंगामात त्या सरीतल्या काकड्यांना लांबचं दिसायला लागलं. चोर अजून ओढ्यापाशी असतानाच त्या पानाआड लपायच्या. अशी ती माती. सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन हौसाक्का माहेरी परतली तेव्हा आबांनी तिच्या हातात खुरपं दिलं आणि पुढं सातबाऱ्यावर नावही लावलं. आबा गेल्यावर धाकट्या भावानं, दिगूनं, रीतीप्रमाणे साडीचोळी आणली आणि हक्कसोडीचा कागद पुढं केला. बहिणीनं साडी घ्यायची आणि सही करायची, ही आपल्याकडची रीत. हौसाक्कानं साडी घेतली, नेसली, ऊन लागत होतं म्हणून कागदाचा पंखा केला आणि म्हणाली, "रंग झ्याक हाय रं."

सही काही केली नाही. दिगू शहरात राहायला गेला, आणि तो कागद त्याच्या कपाटात पिवळा पडत राहिला.

*

मग २०४३ साली ते यंत्र आलं.

सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला 'नाडी' म्हणायचे. करडाएवढी चार चाकांची गाडी आणि तिच्या पोटात एक लांब सुई. नाडी रानात फिरायची, नेमून दिलेल्या जागी थांबायची, सुई खुपसायची आणि मातीला साखरपाणी पाजायची. हसू नका, यातच सगळं शास्त्र आहे. चिमूटभर चांगल्या मातीत पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त जीव असतात: जिवाणू, बुरशीचे केसाहून बारीक धागे, डोळ्यांना न दिसणारे किडे. ते सगळे श्वास घेतात. माती कोरडी पडली की ते झोपतात आणि वरून मेल्यासारखे दिसतात. पण झोपलेला आणि मेलेला यांत एक फरक असतो. झोपलेल्याच्या ओठांना गोड लावलं की तो चाटतो. साखरपाणी पाजल्यावर जिवंत माती चार तासांत जोरजोरानं श्वास सोडायला लागते. नाडी तो श्वास एका वाटीत पकडून मोजते. त्याच्या जोडीला मातीतल्या जिवांच्या जनुकांची शिरगणती, आणि दोन्हींचा मिळून एक आकडा निघतो, प्राणांक. शून्य ते शंभर. माणूस पोलिसापुढं श्वास रोखून धरू शकतो. मातीला ते सोंग जमत नाही.

त्या यंत्राच्या आधारानं कायदा आला. चाळीसच्या वर प्राणांक असलेली जमीन सजीव. तिच्यावर घर नाही, गोदाम नाही, धाबा नाही, सगळ्या वारसांनी सह्या केल्या तरी एनए, म्हणजे बिगरशेती परवाना, नाही. गटातल्या चोवीस जागा तपासायच्या आणि एका जागेनं जरी चाळीस गाठले तरी अख्खा गट सजीव धरायचा, कारण एका कोपऱ्यातला जीव उरलेल्या रानात पसरू शकतो. इथवर सगळं देवाच्या तोंडून आल्यासारखं. पण शेवटच्या पानावर कुणा शहाण्यानं एक ओळ घातली होती: चोवीसही जागा मेलेल्या निघाल्या तर ती जमीन 'मृत', आणि मृत जमिनीच्या एनएला एका वारसाची सही पुरे.

मेल्याला काय विचारायचं!

गाईला हात लावायचा नाही, पण मेलेल्या गाईचं कातडं कुणीही न्यावं, असा नियम केल्यावर गोठ्यात काय होईल? तेच झालं. दोन वर्षांत 'शांतीवाले' नावाची जमात उगवली. प्लॅस्टिक अंथरायचं, खालून नळ्यांनी उकळती वाफ सोडायची आणि वर कसली तरी राखाडी भुकटी, जिचं नाव कुणी सांगत नसे. "रानाची शांती करून देतो," म्हणायचे. शब्दसुद्धा कसा निवडला बघा हरामखोरांनी. पकडले जात नव्हते असं नाही; पण जमीन आधी जिवंत होती याची नोंद असली तरच गुन्हा शाबीत व्हायचा.

म्हणून गावोगाव मोफत नोंदणी झाली. धामणवळणातल्या सगळ्या गटांवर नाडी फिरली. एकच गट राहिला. मृदाधिकारी पाखरे मॅडम, तिशीतली सडपातळ बाई, स्वतः येऊन विनवून गेली होती.

"आजी, अर्ध्या दिवसाचं काम आहे. एकदा आकडा नोंदवला की कुणी वाकड्या नजरेनं बघणार नाही."

"माजी माती जिती हाय हे मला तुजी चारचाकी शेळी सांगनार?" हौसाक्का म्हणाली. "उद्या माज्या तोंडाफुडं आरसा धरून बघशील, म्हातारी श्वास घेतीया का म्हनून. जा बाई, च्या पी आणि जा."

पाखरे मॅडम चहा पिऊन गेली. हौसाक्कानं आयुष्यात चुका थोड्या केल्या, पण ही एक केली ती डोंगराएवढी.

*

दिवाळीनंतर दिगू आला. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि हातात पेढे.

"अक्का, तुझ्या डोळ्याला मोतीबिंदू आहे. किती दिवस चाचपडत राहणार? मी सगळं ठरवलंय, चल माझ्याबरोबर."

"सुई टोचत्यात काय रं?"

"सुईबिई काही नाही. पंधरा मिनिटांचं काम. पण नंतर पंधरा दिवस धूळ चालायची नाही. माझ्याकडेच राहा. तुझी भाचेसून रोज मऊ भात करून घालील."

हौसाक्काला भरून आलं. भाऊ कसाही असो, पाठचा होता. त्याला कडेवर घेऊन ती ओढा ओलांडायची. गेली. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यावर हिरवी पट्टी बसली, मऊ भात झाला. पंधरा दिवस एकही शिवी न देता काढल्यानं तिचं पोट तेवढं बिघडलं. सोळाव्या दिवशी दिगूनं तिला एसटीत बसवलं. स्वतः आला नाही. काम होतं म्हणाला.

नव्या डोळ्यानं तिला वाटेतलं पान अन् पान दिसत होतं. नदी दिसली, चिंचेवरचा बगळा दिसला. मग रान दिसलं.

आधी तिला वाटलं की डोळ्यात काहीतरी राहिलंय. तिनं तो मिटून जुन्या डोळ्यानं पाहिलं. मग परत नव्या. रान राखाडी होतं. काळं नव्हे, राखाडी. तव्यावर करपून गार झालेल्या भाकरीसारखं. तिची वांगी, कोथिंबीर, बांधाकडेची तूर, काही नव्हतं. ती खाली बसली आणि हात खुपसला. मातीला वास नव्हता. लहानपणापासून ज्या वासात ती उठली आणि झोपली तो वास कुणीतरी पुसून नेला होता. बोटांतून भुकटी गळाली. गांडूळ सापडलं एक, उकडलेल्या शेवईसारखं पांढरं.

बांधापलीकडं गेनबा उभा होता. त्याच्या कांद्याची पात हिरवीगार डुलत होती.

"हौसे," तो म्हणाला. "बारा दिस चाललं हुतं. मोठ्ठं प्लॅस्टिक. म्या इचारलं, तर दिगू म्हनला, अक्कानंच सांगितलंय. रोगराई झालीया रानाला."

"आणि तू गप बसलास?"

"तुजं रान, तुजा भाऊ. म्या कोन?"

"एरवी माज्या रानात तुजा नांगर घुसतो तवा न्हाई इचार पडत, म्या कोन म्हनून!"

एवढं बोलून ती थांबली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला पुढची शिवी सुचली नाही. गेनबा त्यानं जास्त घाबरला.

ती तशीच चालत तालुक्याला गेली. पाखरे मॅडमनं सगळं ऐकून घेतलं, नोंदी उघडल्या आणि पडदा तिच्याकडं वळवला.

"आजी, आधीचा आकडाच नाही. तुमचं रान जिवंत होतं हे कायद्याला माहीतच नाही."

"समद्या गावाला ठावं हाय!"

"गावाचा श्वास वाटीत पकडता येत नाही हो." मॅडमनं नोंदी मिटल्या. "तुमच्या भावाचा तपासणीचा अर्ज आलाय. मंगळवारी. मला यावंच लागेल."

*

मंगळवारी अर्धा गाव बांधावर. दिगू पांढऱ्या शर्टात, मागं रान घ्यायला टपलेल्या टाउनशिपवाल्या कंपनीचे दोघं गॉगल लावून. हौसाक्का रानाच्या मधोमध मांडी घालून बसली होती. ऊठ म्हणायची कुणाची छाती नव्हती. नाडी तिला वळसा घालून गेली.

दिगू तिच्याजवळ उकिडवा बसला. "अक्का, जरा शांत डोक्यानं घे. कुणाला काय मिळालंय या रानातून? तुझे गुडघे गेले. माझी पोरं इथं येणारेत का? आणि ऐक, कंपनीवाले मोठी कमान बांधणारेत, तिला आबांचं नाव देणारेत. आबासाहेब शिंगटे प्रवेशद्वार."

"आबांचं नाव मातीत हुतं. कमानीवर कावळं हगत्यात."

"तू कधी माझं ऐकणारच नाहीस का?"

"दिग्या, तुला म्या कडंवर घेऊन वढा वलांडलाय. तवा सोडला असता तर आज हे रान जितं असतं."

दिगूचा चेहरा पडला. तो उठून गेला. असं बोलायला नको होतं, असं हौसाक्काला वाटलं का? नाही वाटलं. मी विचारून आलोय.

नाडीनं सुया खुपसल्या, साखरपाणी पाजलं, वाट्या पालथ्या घातल्या. आकडे यायला दुपार झाली. पहिली जागा शून्य. दुसरी शून्य. पाचवी एक. दर आकड्यासरशी पाखरे मॅडमचा आवाज खाली जायचा आणि गॉगलवाल्यांची मान वर. तेविसावी जागा शून्य.

"चोविसावी?" दिगूनं विचारलं.

"तिची वाटी अजून ठेवायचीय," मॅडम म्हणाली. "नाडी आत्ता निघाली तिकडं."

नाडी उत्तरेला चालली. बांधाजवळ आली. आता थांबेल म्हणून सगळे बघत होते, तर ती बांध चढली. करडासारखी टुणकन पलीकडं उतरली आणि गेनबाच्या कांद्यात शिरली.

"ए! ए! तिकडं कुटं?" गेनबा ओरडला. "मॅडम, तुमची शेळी आवरा! कांदं तुडीवती!"

"बिघडलं काय ते?" गॉगलवाला म्हणाला.

मॅडमनं पडदा पाहिला. पुन्हा पाहिला. आणि तिच्या गालावर, त्या दिवसात पहिल्यांदाच, खळी पडली. "बिघडलं नाही. नाडीला बांध दिसत नाही, साहेब. तिला फक्त मूळ मोजणीचा नकाशा दिसतो. नकाशाप्रमाणे चोविसावी जागा तिथंच आहे. ती जमीन शिंगट्यांच्या गटातली आहे."

गेनबानं टोपी डोळ्यांवर ओढली. वाटी पालथी पडली. संध्याकाळी आकडा आला.

एक्क्याऐंशी.

हौसाक्का त्या दिवसात पहिल्यांदाच उठून उभी राहिली. कांद्यापर्यंत चालत गेली आणि वाकून चिमूटभर माती नाकाशी धरली. तोच वास. आबांचा, तिचा, बाळपणीचा. त्या चोरानं तो जपला होता. शेणखत घालून, कुळवाची पाळी देऊन, स्वतःच्या रानापेक्षा दोन पाट्या जास्तच घालून. कारण लुटीच्या मालावर माणसाचा जीव जास्त असतो.

*

पण कंपन्या काही अशा हार मानत नाहीत. गॉगलवाल्यांनी रातोरात कायदा चाळला आणि वाट शोधली. हद्दीचा वाद असला तर शेजाऱ्याचा जबाब घ्यायचा. गेनबानं चावडीवर एवढंच सांगायचं: ही पट्टी वडिलोपार्जित माझीच, बांध जिथं आहे तिथंच पहिल्यापासून होता. नकाशा दुरुस्त होईल, पट्टी कायमची गेनबाच्या गटात जाईल, आणि शिंगट्यांच्या गटात उरतील फक्त तेवीस मेलेल्या जागा. दिगूची एक सही, की संपलं. गेनबाला पट्टी फुकट, वर शेताला डांबरी वाट. आणि खरं बोलला तर? सजीव जमिनीवरच्या अतिक्रमणाला दंड, पट्टी परत, आणि एकतीस वर्षं पावसावर टाकलेली चोरी स्वतःच्या तोंडानं भर चावडीत कबूल करायची. धामणवळणात माणूस एक वेळ बायको पळाली हे सांगेल, बांध कोरला हे सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्का बांध ओलांडून गेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. गेनबा खाटेवर बसून बिडी ओढत होता. तो ताडकन उठला.

"बस," ती म्हणाली. स्वतः मात्र उभीच राहिली. "म्या पाया पडाय आले न्हाई."

"कोन पड म्हनतंय?"

"दिगू आलता न्हवं तुज्याकडं?"

"आलता. पेढं घिऊन."

"माज्याकडं बी पेढंच आनलं हुतं त्यानं." ती एक पाऊल पुढं सरकली. "गेन्या, तू चोर हायस. तुजा बाप चोर हुता, बैल चोर हुतं, ट्रॅक्टर बी चोर निघाला. पर एक सांग मला. तू माती का चोरलीस? सोनं चोरायचं, माजी गळ्यातली पोत हुती. मोटर चोरायची. मातीच का?"

गेनबानं बिडी खाटेच्या पायावर विझवली.

"जवा उत्तर सापडंल तवा चावडीवर ये," असं म्हणून ती वळली. आणि वळता वळता एक शिवी हासडलीच, सवयीनं.

*

चावडीवर शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पाखरे मॅडम टेबलामागं. दिगू, गॉगलवाले. हौसाक्का खांबाला टेकून, हाताची घडी, जुना आणि नवा असे दोन्ही डोळे गेनबावर रोखून. गेनबानं धुतलेलं धोतर नेसलं होतं.

"गेनबा सखाराम बोडरे," मॅडमनं विचारलं, "उत्तरेकडची पट्टी कुणाची?"

गेनबानं टोपी काढली. डोकं खाजवलं. टोपी घातली.

"आपला बांध पहिल्यापासून तिथंच आहे ना, गेनबाकाका?" दिगू मऊ आवाजात म्हणाला. "पावसानं थोडाफार सरकला असेल."

"पाऊस," गेनबा म्हणाला, आणि एकाएकी भडकला. "आरं कसला पाऊस! पाऊस माज्या नांगराला दोर बांधून वडीत हुता व्हय? म्या कोरला! म्या, माज्या हातानं! दरसाल एक वीत!"

गॉगलवाल्यानं गॉगल काढला.

"काका, नीट विचार करा," दिगू म्हणाला. "दंड होईल. गाव काय म्हणेल?"

"गाव म्हनंल चोर. म्हनू दे. चोरी केली ती मातीपायी केली रं! दोन हातांवर अशी माती दिसली आणि हाताला खाज सुटली. तुजी अक्का शेण घाली, पाला घाली, म्या हिकडनं बघायचो आणि जीव तुटायचा. पोरीवर जीव बसावा तसा बसला त्या वितीवर." त्यानं टोपी काढून टेबलावर आपटली. "आणि तू? तू तिचा सख्खा भाऊ, आणि उकडून मारलीस. आता मला म्हनतुयास, पट्टी तुजी म्हन. अरं, तुज्या त्या कमानीखालनं म्या काय चोरू? फरशी? शिमिटाचा बांध कोरत्यात व्हय कुटं? मॅडम, ल्ह्या. पट्टी हौसाबाय शिंगट्यांची. चोर गेनबा बोडऱ्या. एकतीस वर्सं, दरसाल एक वीत. कुटं आंगठा करू सांगा."

हे वाक्य ऐकायला हौसाक्का एकतीस वर्षं जगली होती. स्वप्नातसुद्धा तिनं ते ऐकलं होतं. आता सगळा गाव तिच्याकडं बघत होता. म्हातारी रडेल, हात जोडेल, निदान 'भावा' म्हणेल. पाखरे मॅडमचे डोळे आधीच ओले झाले होते.

हौसाक्का खांबापासून सुटी झाली.

"एक वीत?" ती कडाडली. "आता बी खोटं बोलतुयास व्हय रं मुडद्या? दीड! दरसाल दीड वीत!"

"एक हुती!"

"दीड!"

मॅडमनं नाक पुसलं आणि मोजणीचा कागद उलगडला. "पट्टीची रुंदी चौतीस फूट दहा इंच. एकतीस वर्षांनी भागलं तर," तिनं मान वर केली, "दीड वीतच येते, काका."

"बगा!" हौसाक्का म्हणाली, आणि चावडी हसून फुटली. फक्त दिगू हसला नाही. तो दाराकडं सरकत होता. हौसाक्कानं त्याला तिथंच गाठलं.

"चौकट करून भिंतीला लाव त्यो हक्कसोडीचा कागद," ती हळू आवाजात म्हणाली. आणि हळू आवाजातलं तिचं बोलणं गावानं तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. "भाऊबीजेला ईऊ नगंस. डोळा दिलास त्यो ऱ्हाऊ दे. त्यानंच बगितलं तुला."

*

गट सजीव म्हणून नोंदला गेला. आता त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. दिगूची नाही, कंपनीची नाही. पण कायद्यानं जमीन वाचली म्हणून ती जिवंत होत नसते. अडीच एकराचा मुडदा तसाच पडला होता, कागदोपत्री सुरक्षित.

"काय उपाय?" हौसाक्कानं मॅडमला विचारलं.

"विरजण लावायचं," मॅडम म्हणाली. "पट्टीतली जिवंत माती थोडी थोडी मेलेल्या रानात मिसळायची. वर पाला, शेण, ओल. जीव हळूहळू पसरतो. पण त्या भुकटीचा विखार उतरायला वेळ लागेल. सात वर्षं धरा."

"सात? म्या त्रेसष्टाची हाय."

"मग?"

"मग काय! सात वर्सं मरायची चोरी झाली."

दुसऱ्या दिवसापासून पाट्या वाहणं सुरू झालं. गेनबानं कांदा वेळेआधीच काढून घेतला आणि कुणी न सांगता फावडं उचललं. तो भरायचा, ती वाहायची. दहा पावलांवर एक पाटी पालथी करायची, हातानं कालवायची, वर पाला टाकायचा. बोलणं नाही. चहाला मात्र हौसाक्का दोन पेले आणायची आणि एक बांधावर आपटून ठेवायची, तो गेनबाचा.

तिनं मॅडमकडून साखरपाण्याचं गुपित नीट समजून घेतलं होतं. रोज सकाळी चहातली साखर वाचवून ती तांब्यात विरघळवायची, रानाच्या मधल्या विरजणावर थोडी ओतायची आणि कान लावून बसायची. यंत्राशिवाय श्वास ऐकू येत नाही हे तिला सांगून मॅडम थकली. महिना गेला. दोन गेले. एका सकाळी ओतलेलं पाणी राखाडी मातीनं मुकाट पिऊन टाकलं, आणि पुन्हा काहीच नाही.

हौसाक्काच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं तांब्या फेकला.

"आगं, श्वास घे की, भवाने!" ती ओरडली. "सदतीस वर्सं तुला खाऊ घातलं, न्हाऊ घातलं, आणि बारा दिसाच्या वाफंला भिऊन मेलीस व्हय? ऊठ! तुज्या आयला तुज्या!"

बांधावर चहाचा पेला फुंकत गेनबा बसला होता.

"दे, दे," तो म्हणाला. "लाजू नगंस. शिव्या दे. माजी पट्टी एकतीस वर्सं तुज्या शिव्यांवरच जगली."

हौसाक्का वळली. कमरेवर हात ठेवले, पदर खोचला आणि सुरुवात केली. त्याच्यापासून नव्हे, थेट त्याच्या खापरपणज्यापासून. गावाला वाटलं, सगळं पूर्ववत झालं. पण नीट पाहणाऱ्याला एक फरक दिसला असता. आज ती बांधावर उभी नव्हती. मेलेल्या रानाच्या मधोमध उभी राहून ती शिव्या देत होती, एकही वाया जाऊ नये म्हणून.